रीस्टार्टमामांचे कान

रोज सकाळी दात घासून झाले की मामा चहाच्या आधी कॉम्प्युटर चालू करत, हेडफोन कानांवर चढवत आणि एका वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणातला एकच तुकडा ऐकत. अर्ध्या मिनिटाचाही नसेल. व्हायोलिनांचा मोठा लोंढा ओसरतो, क्षणभर काहीच उरत नाही, आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी ट्रँगलवर, म्हणजे त्या लहानशा लोखंडी त्रिकोणावर, हलकी टिचकी मारतं. ती ऐकली की मामा हेडफोन काढून खुंटीला अडकवत आणि म्हणत, "चला, यंत्रं शाबूत आहेत." मग चहा.

मला आधी ती लहर वाटली होती. मामांनी समजावलं की रोज तेच ऐकणाऱ्याला बिघाड लगेच कळतो. रोज नवं ऐकणाऱ्याला वाटत राहतं, गाणंच तसं असेल.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. एम.ए.ची दोन वर्षं मी त्यांच्याकडे राहून काढली, कारण विद्यापीठ तिथून बसने जवळ होतं. फरशा बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात ते कॉम्प्युटर सांभाळत. दिवसभर दुसऱ्यांचे, संध्याकाळी घरी येऊन स्वतःचे. नात्यात त्यांना रीस्टार्टमामा म्हणत. कुणाचा फोन अडला, कुणाचा टीव्ही रुसला, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "बंद करून चालू केलंस का?" आईने एकदा फोनवर पाठदुखीची तक्रार केली, तेव्हाही ते तंद्रीत हेच बोलून गेले. नाव तिनेच पाडलं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. समोरच्या खोलीत मामींचं व्हायोलिन, आतल्या अडगळीच्या खोलीत मामांचा संसार: झाकणं काढलेले कॉम्प्युटर, वायरींची भेंडोळी, प्रत्येक भेंडोळ्याला चिठ्ठी. मामी त्या खोलीला सवतीचा महाल म्हणत. "सवतीला पंखा लागतो, मी मेली उकाड्यात शिकवते," असं त्या शिकायला येणाऱ्या मुलींच्या आयांना सांगत, आणि मामा आतून ओरडत, "तिला गरम झालं की ती बंद पडते. तू कुठे बंद पडतेस?"

मामांना रोजच्या वापरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल मत होतं. ते वायरचे हेडफोन सोडायला तयार नव्हते. वायर दिसते, दिसणाऱ्या गोष्टीशी भांडता येतं, हवेतलं तुटलं तर भांडायचं कुणाशी, असं त्यांचं म्हणणं. फोन आपोआप अपडेट झाला की त्यांचा सकाळभर संताप होई. "आपण झोपलेलो असताना कुणीतरी घरात शिरतं, स्वयंपाकघरातले डबे इकडचे तिकडे करतं, आणि सकाळी विचारतं, नवी मांडणी आवडली का." गाणी सुचवणाऱ्या अ‍ॅपवर तर त्यांचा दातच होता. एकदा शेजारच्या बाळासाठी अंगाई लावली, तर पुढे वर्षभर ते अ‍ॅप मामांना झोपवायला बघत होतं. "एवढ्या खुनशी आठवणीचा नोकर कुणी घरात ठेवेल का?"

पण त्यांचा खरा विषय होता घरातल्या यंत्रांचे आवाज. मायक्रोवेव्ह कोणत्या सुरात ओरडतो, वॉशिंग मशीन काम संपल्यावर जी धून वाजवतं तिचा शेवट अर्धवट का वाटतो, यावर ते तासभर बोलू शकत. "आपली लिफ्ट मायक्रोवेव्हपेक्षा सुराला जराशी उतरलेली आहे," ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "दोन्ही एकदम वाजले की डोकं दुखतं."

"दोन्ही एकदम वाजवतंय कोण?" मामींनी विचारलं.

ही सगळी मतं ते स्वतः बनवलेल्या एका साध्या वेबपानावर लिहीत. त्यावर फोटो नव्हते, रंग नव्हते, वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला जहाजावरून निवृत्त झालेला एक इंजिनिअर तेवढा प्रत्येक लेखाखाली काहीतरी लिहायचा.

मामांना कोणतंही वाद्य वाजवता येत नव्हतं. त्याची त्यांना खंतही नव्हती. "वाजवणारे पुष्कळ आहेत," ते म्हणत, "ऐकायलाही कुणी नको का?" आणि ते नुसते ऐकत नसत. संध्याकाळी मामी समोरच्या खोलीत सरावाला उभ्या राहत, मामा आत आपलं काम करत, मधलं दार उघडं. आतून आवाज येई: "खाली." मामी बोट केसभर सरकवत. "आता वर गेली." पुन्हा बोट. "घाई." व्हायोलिनवर सुरांच्या खुणा नसतात, बोट नेमकं पडलं नाही की सूर ढळतो, आणि वाद्य हनुवटीखाली, कानाला लागून वाजत असल्यामुळे वाजवणाऱ्याला ते जरा वेगळंच ऐकू येतं. म्हणून मामींना दुसऱ्या खोलीतला तो कान लागे. कौतुकाचं मात्र नाव नको. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतर नवऱ्याच्या तोंडून 'छान' हा शब्द त्यांनी दोनदाच ऐकला होता, आणि त्यातला एक पडद्यांच्या कापडासाठी होता.

माझ्या दुसऱ्या वर्षी मला ताप आला. मामी शिकवत होत्या, म्हणून मामांनी थर्मामीटर आणून दिला आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. थोड्या वेळाने तो बारीक आवाजात वाजला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते. तो वाजायचा थांबला, तरी ते तसेच.

"मामा, झालं की."

त्यांनी थर्मामीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "बिघडलाय. आवाजच देत नाही." दुसऱ्या दिवशी ते नवा घेऊन आले. तोही, त्यांच्या मते, मुकाच निघाला.

पुढच्या महिन्यात त्यांनी पानावर एक लांबलचक लेख लिहिला: हल्लीच्या वस्तूंना आवाज उरलेला नाही. कंपन्या बझर हलक्या प्रतीचे लावतात, मायक्रोवेव्ह कुजबुजतो, फोनची घंटा कांबळ्यात गुंडाळल्यासारखी वाटते. लेखाखाली जहाजावरच्या इंजिनिअरने एकच ओळ लिहिली: 'आमच्याकडे तर सगळं कर्कश वाजतं हो.'  मामींनी लेख वाचला आणि भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं."

"म्हणजे काय?" मामा म्हणाले.

"काही नाही. मायक्रोवेव्ह केव्हाचा वाजतोय, दूध काढा."

मामा हसले आणि उठले, पण उठताना त्यांनी मायक्रोवेव्हकडे असं पाहिलं, जणू ओळखीचा माणूस रस्त्यात नमस्कार न करता पुढे गेला होता.

मग सकाळचा तो तुकडा लांबत गेला. एकदा ऐकून त्यांचं भागेना. डोळे मिटून ते पुन्हा पुन्हा तीच जागा लावत, हेडफोन उलटे घालून बघत. "यंत्रं शाबूत आहेत" हे वाक्य घरातून कधी नाहीसं झालं, ते मला नेमकं सांगता येणार नाही. चहा निवायला लागला, एवढं आठवतं. त्यांनी हेडफोनची वायर बदलली, मग हेडफोन बदलले, मग भिंतीएवढे जुने स्पीकर कुणाकडून तरी आणले. मामींनी स्पीकरवर फुलदाणी ठेवली, त्याबद्दलही ते काही बोलले नाहीत.

मामींना काळजी वाटत होती, पण ती वेगळीच. एकदा स्वयंपाकघरात त्यांनी मला हळूच विचारलं, "तुझे मामा ऑफिसात कुणाशी भांडलेत का गं?"

"नाही. का?"

"हल्ली ते छान म्हणतात."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "काहीही वाजवलं तरी छान. आपण काय करतोय याच्याशी माणसाला देणंघेणं उरलं नाही, की तो असं बोलतो. माझे वडील शेवटी शेवटी आईच्या प्रत्येक गोष्टीला छान म्हणायचे."

त्यातच वाचनालयाच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला मामींच्या गटाने वाजवायचं ठरलं. चौघीजणींचा गट, मामा त्यांना चांडाळचौकडी म्हणत. निवडलेल्या रचनेत एक जागा अशी होती की बाकीच्या तिघी थांबतात आणि मामी एकट्या, सगळ्यात वरच्या तारेवर, लांब लांब सूर धरतात. तिथे चुकायला आडोसा नव्हता. मामींनी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना शिकवून मंचावर पाठवलं होतं. स्वतः पुढे उभं राहायची ही पहिलीच वेळ. रोज संध्याकाळी त्या ती जागा वाजवत आणि थांबून दाराकडे बघत. आतून उत्तर येई, "छान."

एका रविवारी दुपारी मामांनी मला हाक मारली. "लायब्ररी, जरा ये गं." मी सतत पुस्तकात असते म्हणून मला त्यांनी दिलेलं हे नाव.

त्यांच्या मते रोग सापडला होता. हेडफोन नवे, वायर नवी, स्पीकर धडधाकट. म्हणजे खराब झाल्या त्या गाण्यांच्या फाईली. डिस्क जुनी होते, एखादा कण पुसला जातो, आणि गाणं हळूहळू झिजतं, असं ते मला उत्साहाने समजावत होते. ते सिद्ध करायची सोयही त्यांच्याकडे होती. पूर्वी गाणी सीडीवरून कॉम्प्युटरवर उतरवताना त्यांनी प्रत्येक फाईलचा ठसा काढून ठेवला होता. फाईलमधला प्रत्येक अंक हिशेबात घेऊन कॉम्प्युटर एक आकडा काढतो, तो ठसा. फाईलमध्ये एका बारीक ठिपक्याचा फरक पडला, तरी ठसा पार बदलतो. आता सगळ्या गाण्यांचे ठसे नव्याने काढायचे आणि जुन्यांशी ताडून बघायचे.

"जे जुळणार नाहीत ते पडद्यावर लाल येतील," मामा म्हणाले. "तू बस. साक्षीदार पाहिजे."

आम्ही बसलो. पडद्यावरून नावं सरकत होती, हिरव्या रंगात. मामा पुढे झुकले होते, सामना बघताना माणसं झुकतात तसे. हिरवं, हिरवं. मध्येच त्यांनी चष्मा पुसला. चहा झाला, मामींकडे शिकायला येणाऱ्या मुली येऊन गेल्या, आणि शेवटची ओळही हिरवी आली. एकही लाल नाही.

"म्हणजे सगळं नीट आहे," मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता.

  मामांनी खुंटीवरचे हेडफोन काढून माझ्या कानांवर चढवले आणि तो सकाळचा तुकडा लावला. लोंढा आला, ओसरला, शांत झालं, आणि टिचकी वाजली, इतकी स्पष्ट की मी जरा दचकले. माझं दचकणं त्यांनी पाहिलं. त्यांना विचारायची गरज उरली नाही.

"फाईल तीच आहे," ते म्हणाले, "वायर नवी, हेडफोन नवे. उरलं कोण?"

"डॉक्टरकडे जाऊन येऊ या, मामा. साधं काहीतरी असेल."

"कार्यक्रमानंतर. आणि तोवर हिला काही सांगू नकोस. तिला कळलं की वरच्या तारेवरच्या माझ्या कुठल्याच 'छान'ला अर्थ नव्हता, तर तिचा हात थरथरेल. मंचावर हात थरथरला तर सगळं संपलं."

मला ते पटलं नव्हतं, पण गोष्ट त्यांच्या दोघांमधली होती. पुढचे दिवस मला नीट झोप लागली नाही. संध्याकाळी व्हायोलिन सुरू झालं की मी पुस्तक उघडून बसे आणि एक ओळ पुढे सरकत नसे. मामी सूर धरत, थांबत. आतून "छान" येई, आणि तो शब्द दिवसेंदिवस वेळेच्या आधी यायला लागला होता. सूर संपायच्याही आधी.

ते मामींच्याही लक्षात आलं असणार. एका मंगळवारी त्यांनी ती लांब सुरांची जागा घेतली आणि मधल्याच एका सुरावर बोट मुद्दाम भलतीकडे ठेवलं. मला संगीतातलं फारसं कळत नाही, तरी माझे दात शिवशिवले. मामींनी तो सूर तसाच वेडावाकडा ताणून धरला आणि दाराकडे पाहिलं.

"छान," आतून आवाज आला.

मामींनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. पेटी न मिटताच त्या आत गेल्या. मी जागची हलले नाही, पण दार उघडंच होतं.

"काय वाजवलं मी आत्ता?"

"तेच. लांब सुरांचं."

"कसं होतं?"

"छान होतं."

"अहो, ते ऐकून शेजारचं बाळ रडलं असतं."

 मामांचा आवाज आला, अगदी साधा: "मला वरचं ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"माहीत नाही. कॉम्प्युटर निदान नोंद तरी ठेवतो, अमुक वाजता अमुक बिघडलं म्हणून. कान काहीच लिहून ठेवत नाहीत. आज कळलं तेव्हा कधीचंच झालेलं असतं."

मला वाटलं मामी चिडतील, किंवा रडतील. त्या म्हणाल्या, "मग मी कशी वाजवतेय?"

"म्हणजे?"

"इतके दिवस. तुम्ही छान म्हणत होता आणि मी पुढे जात होते. मी वर वाजवतेय की खाली, हे मला कोण सांगत होतं?"  "सभागृहात माणसं येणार आहेत. माझ्या सगळ्या मुली येणार आहेत."

"फोनवर सूर दाखवणारं अ‍ॅप असतं," मामा म्हणाले.

"तुम्ही मला अ‍ॅप सांगताय? तुम्ही?"

दुसऱ्याच दिवशी मामी त्यांना कान तपासायला घेऊन गेल्या. मामांच्या आग्रहाने मीही गेले. कानांचं यंत्र बसवून देणारी बाई माझ्याच वयाची होती. तिने मामांना एका जाड दाराच्या खोलीत बसवलं, आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. काचेतून आम्हाला मामा दिसत होते. बटणावर अंगठा ठेवून ते डोळे मिटून बसले होते. सुरुवातीला अंगठा भराभर हलला. मग थांबून थांबून. मग बाई यंत्रावर आकडे फिरवत राहिली आणि अंगठा हललाच नाही. मामींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

आलेख डावीकडे, खालच्या सुरांना, सपाट होता आणि उजवीकडे, वरच्या सुरांना, बागेतल्या घसरगुंडीसारखा खाली गेला होता. वयाने असं होतं, बाई म्हणाली, गेलेलं परत येत नाही, पण यंत्राने बरंच भरून निघेल. यंत्र म्हणजे छोटा कॉम्प्युटरच आहे हे ऐकून मामांचा चेहरा पहिल्यांदा जरा खुलला. "बंद करून चालू करता येतो?" त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाली. मामींनी कपाळाला हात लावला.

त्या संध्याकाळी मामांनी यंत्रं लावली आणि ते घरभर फिरले. वर्तमानपत्राचं पान उलटलं, पुन्हा उलटलं. मायक्रोवेव्ह रिकामाच चालवून त्याचा आवाज ऐकला. मग मामी वाजवायला उभ्या राहिल्या. खालच्या तारा झाल्या. वरच्या तारेवर त्यांनी लांब सूर धरला, आणि आतून मामा बाहेर आले.

"तू सूर हलवतेयस का?"

"नाही. सरळ धरलाय."

"मला पाण्यात हलल्यासारखा येतोय. आणि मग विरतो."

पुन्हा धरला, पुन्हा तेच. मामांनी यंत्र काढून हातावर घेतलं, त्याच्याकडे पाहत राहिले. मग ते खाली बसले. एवढा हबकलेला त्यांचा चेहरा मी ठसे जुळले तेव्हाही पाहिला नव्हता.

कारण त्यांनीच रात्रीपर्यंत शोधून काढलं. कानात यंत्र असलं की कधी कधी त्याचाच आवाज त्याच्यात शिरतो आणि शिट्टी वाजते. ती वाजू नये म्हणून यंत्रात एक हुशारी बसवलेली असते: एकसारखा, सरळ, बारीक सूर आला की तो शिट्टी समजायचा आणि दाबून टाकायचा. मामींचा सूर एकसारखा होता, सरळ होता, बारीक होता. जितका चांगला लागेल, तितका यंत्राला बिघाड वाटणार.

आम्ही परत त्या बाईकडे गेलो. मामांनी तिला सांगितलं, ही हुशारी काढून टाका.

"काका, मग शिट्टी वाजेल," ती म्हणाली. "चारचौघांत वाजली तर लोक वळून बघतात."

"बघू देत. शिट्टी वाजली तर मला कळेल तरी. सूर खाल्ला तर कळणारच नाही. मला वाटेल बायकोच तसं वाजवतेय. घरातल्या माणसावर खोटा आळ घेणारं यंत्र मी कानात घालून फिरणार नाही."

"इतरांना आवडतं ते."

"इतरांच्या घरी व्हायोलिन नाही."

ती हसली आणि तिने यंत्रात दुसरी मांडणी भरून दिली, सगळी हुशारी बंद केलेली. बटण दाबलं की ती चालू. बोलण्यासाठी पहिली, संगीतासाठी दुसरी.

आता तरी सोपं होईल असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्या मांडणीत मामींनी सूर धरला तेव्हा मामा म्हणाले, "खाली आहे." आणि लगेच, "थांब. मला खात्री नाही." सूर मामींचा उतरला होता, की यंत्राने उतरवला होता, की कानालाच आता खरा सूर ओळखू येत नव्हता? तीन संशयित, आणि कार्यक्रम तोंडावर. मामी बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, हातात धरून उभ्या होत्या. त्यांना ते अ‍ॅप लावायचं नव्हतं, मामांनी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "त्याला खरं-खोटं कळतं, चांगलं-वाईट कळत नाही. तुम्ही सांगा."

मग मामा ऑफिसात बिघाड शोधतात तसा इथेही शोधायला लागले, एकेक गोष्ट बाजूला काढत. मामींचंच जुनं ध्वनिमुद्रण त्यांनी स्पीकरवर लावलं, कान शाबूत असताना केलेलं, ज्यात तेव्हा त्यांनी एकही चूक काढली नव्हती. यंत्रातून ऐकलं. सूर जागेवर होता. म्हणजे यंत्र आणि उरलेला कान मिळून अजून एवढं ओळखत होते. मग मामींना तीच जागा वाजवायला सांगितली.

"खाली," मामा म्हणाले. या वेळी थांबले नाहीत. "वरच्या तारेवर सगळीकडे खाली पडतेस. थोडंसंच. बऱ्याच दिवसांचं असणार, बोटाला सवय लागलीय."

मामींचं तोंड एवढंसं झालं. मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी व्हायोलिन पुन्हा हनुवटीखाली घेतलं. "पुन्हा सांगा. कुठे?"

त्या पुढच्या दिवसांत घरात दुसरं बोलणंच झालं नाही. खाली. अजून खाली. आता गेली वर. मधूनच यंत्र शिट्टी वाजवी आणि दोघं एकमेकांकडे बघत, कोणाची चूक. "माझी," मामा म्हणत, आणि यंत्र कानात नीट बसवत. मामी चिडत, बो आपटत, एकदा म्हणाल्या, "छान म्हणत होता ते काय वाईट होतं?" मामांनी तीच जागा पुन्हा घ्यायला सांगितली. काळजी कमी झाली नव्हती. बोटाची सवय एवढ्या लवकर मोडत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. नव्या लाकडाचा आणि रंगाचा वास येणारं सभागृह भरलं होतं. मामा आणि मी दुसऱ्या रांगेत बसलो. चौघीजणी आल्या, बसल्या, वाजवायला लागल्या. मामांनी बटण दाबून दुसरी मांडणी लावली. 

ती जागा जवळ आली. बाकीच्या तिघींचे बो खाली आले. मामींनी पहिला लांब सूर धरला, आणि त्याच क्षणी माझ्या शेजारी बारीक शिट्टी वाजली. पुढच्या रांगेतली माणसं वळली. मामींच्या पापण्या हलल्या, सूर मात्र हलला नाही. मामांनी मान वळवून पाहिली, एक क्षण यंत्र चाचपलं, शिट्टी थांबेना. मग त्यांनी दोन्ही यंत्रं काढली, मुठीत बंद केली आणि मूठ मांडीवर ठेवली.

पुढची सगळी जागा ते तसेच बसून होते. मामींचा उजवा हात जात-येत होता, डाव्या हाताची बोटं तारेवर चढत होती, आणि मामा त्या बोटांकडे पापणी न लववता बघत होते. मला वाटलं, सूर आपल्याला ऐकू येतो आहे हाच आपला अपराध आहे. टाळ्या वाजल्या तेव्हा मी त्यांच्या हाताला हात लावला. मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या, मूठ न उघडता.

बाहेर मुली, आया, फुलं, फोटो. गर्दी सरल्यावर मामी पेटी खांद्याला लावून आल्या. चेहरा उतरलेला होता. मला त्यांनी विचारलंच नाही.

"कसं झालं?" त्या मामांना म्हणाल्या.

मामांनी यंत्रं पुन्हा लावली होती. एक शब्द पुरला असता, आणि तो त्यांच्या तोंडात सवयीचा झालेला होता.

"मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "शिट्टी वाजली म्हणून काढून ठेवली. पहिला सूर बरोबर होता. पुढचं माहीत नाही."

 मामी पेटीचा पट्टा सारखा करून म्हणाल्या, "घरी चला. वाजवून दाखवते."

त्या दमल्या होत्या, केसांतलं फूल सुकलं होतं. तरी घरी येऊन चपला काढल्याबरोबर त्यांनी पेटी उघडली. मी आतल्या खोलीत सामान भरत होते. माझी परीक्षा झाली होती आणि सकाळच्या गाडीने मी घरी जाणार होते. मामा गेले ते पुढच्याच हिवाळ्यात, एका दुपारी, ऑफिसातल्या खुर्चीत. मध्ये फोनवर बोललो, पण ते सगळं माझ्या नोकरीबद्दल आणि नव्या लॅपटॉपबद्दल. समोरासमोर ऐकलेलं त्यांचं शेवटचं साधं बोलणं त्या संध्याकाळचं आहे. मामींनी बो तारेवर ठेवला होता, आणि मामा कपाटाचे खण एकामागून एक उघडत म्हणत होते, "थांब गं, बॅटरी संपत आलीय, बदलून येतो. तोवर सुरू करू नकोस."